आधी उंबरठा, मग दार

मुरबाड-शहापूर भागात घराचं पुढचं दार बदलायचं ठरलं की पहिली चर्चा लाकडाची होते. साग घ्यायचा की साल, नक्षी हवी की साधं पॅनेल, वर गणपती कोरायचा की नाही, आणि शेवटी गाडी पैशांवर येते. उंबरठ्याचं नाव कुणी काढत नाही. सुतार म्हणतो, ते गवंड्याचं काम. गवंडी म्हणतो, फरशीवाला बघेल. फरशीवाला उरलेल्या ग्रॅनाइटची एक पट्टी सिमेंटवर बसवून मोकळा होतो. या पुस्तिकेचा सगळा खटाटोप हा क्रम उलटा करण्यासाठी आहे. दार आपण वरून बघतो, पण ते बिघडतं खालून. खालचं काम कच्चं राहिलं तर वर अस्सल साग लावूनही काही पावसाळ्यांत पुन्हा रंधा मागवायची वेळ येते.

विश्वास बसत नसेल तर जुनं दार उतरवलं जात असताना तिथे उभं राहा. बिजागऱ्या सुटल्या की दार ओट्यावर आडवं टाकतात आणि प्रथमच त्याची खालची कड दिसते. वरचा सगळा भाग तेलपाण्याने चकचकीत, आणि ही कड मात्र कोरडी, काळपट, तंतू सुटलेली. तिला कधी रंग लागलेलाच नसतो, कारण दार लटकवल्यावर तिथे ब्रश जात नाही, आणि लटकवण्याआधी कुणाला आठवण होत नाही. उभ्या पट्ट्यांची टोकं नीट पाहिलीत तर लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. झाड उभं असताना पाणी वर चढलं ते याच वाटेने, आणि दार झाल्यावरही ओल याच वाटेने चढते. आडव्या बाजूने लाकूड जेवढं पाणी पितं, त्याच्या कितीतरी पट टोकाकडून पितं. त्यातच खालची आडवी पट्टी वरच्या पट्टीपेक्षा अरुंद दिसली, तर समजावं की घराची फरशी बदललेली आहे.

फरशीचं प्रकरण थोडं सविस्तर सांगतो. शेणाने सारवलेली जमीन वर्षानुवर्षं कणाकणाने चढते, पण ती वाढ कुणाच्या लक्षात येण्याजोगी नसते. मग केव्हातरी शहाबादी येते. पुढच्या पिढीत तिच्यावर कडप्पा, आणि मुलगा कामाला लागला की त्याच्यावर चकचकीत टाइल. जुनी फरशी उखडायचा खर्च नको म्हणून प्रत्येक थर आधीच्या थरावरच बसतो. प्रत्येक वेळी जमीन इंच-दीड इंच वर येते, उंबरठा तेवढाच खाली जातो, आणि दार अडायला लागलं की सुतार खालून तेवढी पट्टी कापतो. दोन-तीनदा असं झालं की खालच्या पट्टीचं कुसूच उघडं पडतं. सांधा ढिला होतो, दार एका कोपऱ्यात लोंबायला लागतं, आणि घरचे म्हणतात, लाकूड चांगलं निघालं नाही. लाकडाचा काही दोष नसतो.

इथला पाऊस या सगळ्याला हातभार लावतो. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यासकट. म्हणजे तो सरळ पडत नाही, तिरका येतो. जुन्या घरांना पडवी होती, पावसाळ्याआधी पश्चिमेच्या अंगाला पेंढ्याची किंवा झावळ्यांची झडी बांधायची रीत होती. दारापर्यंत पोचेपर्यंत पावसाचा जोर संपलेला असे. आजच्या स्लॅबच्या घराला पुढे दोन-अडीच फुटांचा छज्जा असला तर नशीब. दाराचं काम तेच राहिलं, त्याचा आडोसा मात्र आपण काढून घेतला. नवं दार बसवणाऱ्याने लाकडाच्या दुकानात जाण्याआधी एखाद्या मुसळधार संध्याकाळी घराबाहेर छत्री घेऊन उभं राहावं आणि पाणी दाराला नेमकं कुठे लागतं ते पाहावं. त्यातून कळेल ते कुठल्याही दुकानदाराकडून कळायचं नाही.

मुरबाड तालुक्यातला सिद्धगड म्हटलं की बाहेरच्या माणसाला २ जानेवारी १९४३ ही तारीख आठवते. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या दिवशी इथल्या रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हौशी गिर्यारोहकांना आठवते ती बालेकिल्ल्याची अंगावर येणारी चढण. दारांच्या पुस्तिकेत सिद्धगड येतो तो वेगळ्याच कारणाने. गडाच्या माचीवर वाडी वसली, पण गाडीरस्ता खालीच राहिला. खाली तयार झालेलं दार वर न्यायचं तर माणसाच्या खांद्यावरूनच. हिशेब करून पाहा: सात फूट उंच, तीन फूट रुंद आणि ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव सागवानी दार ४० किलोच्या वर जातं. ऐनाचं त्याहून जड. चौकट आणखी वेगळी. अरुंद पायवाटेवर सात फुटांची फळी वळवणं हे वजनापेक्षाही अवघड. दोन झडपांची दारं याच कारणाने निघाली असं मी म्हणणार नाही, पण डोंगरात ती सोयीची पडली यात शंका नाही. एक झडप एका माणसाला झेपते.

लाकडाची आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची, पण इथल्या माणसाला ती गमतीची वाटत नाही. चारी बाजूंना साग, ऐन, हेद उभे, आणि चौकटीचं लाकूड आणायचं मुरबाड किंवा कल्याणच्या वखारीतून. सिद्धगडाचा परिसर भीमाशंकर अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलं आहे. तिथे कुऱ्हाड चालवता येत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला, त्यात बांबू आला, मध आला, तेंदूपत्ता आला, इमारती लाकूड नाही. स्वतःच्या मालकीच्या शेतातला साग तोडायचा तरी १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी, आणि वाहतुकीला पास. जंगल राखायचं तर हे नियम लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम असा की सह्याद्रीच्या कुशीतल्या घराला घानाचा किंवा लॅटिन अमेरिकेतला साग लागतो, नाहीतर मलेशियाचा साल. ब्रह्मदेशी सागाची मिजास आता संपली. म्यानमारने एप्रिल २०१४पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हापासून दुकानात त्या नावाने दाखवलं जाणारं नवं लाकूड जरा संशयानेच बघावं. जुन्या चाळी आणि वाडे पाडताना निघालेला ब्रह्मी साग मात्र अजून बाजारात मिळतो. तो घेताना खिळ्यांची भोकं आणि वाळवीच्या वाटा तपासल्या तर त्यासारखं लाकूड नाही. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड आता नव्याने काय वाकणार?

ठाकर-कातकऱ्यांच्या घरांना कधीकाळी वखारीची गरजच नव्हती. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला आतबाहेरून शेणमातीचा लेप, आणि दार म्हणजे त्याच कारवीची किंवा बांबूची ताटी. कुडाच्या एका खांबाला दोरीने बांधलेली, उचलून बाजूला करायची. कुलूप नाही, उंबरठाही बेताचाच. ही ताटी काही वर्षांनी बदलायची हे ठरलेलंच असे, आणि बदलायला अर्धा दिवस पुरे. आता त्या जागी घरकुल योजनेतली घरं आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. साध्या प्रदेशातल्या घराला योजनेत १ लाख २० हजार रुपये धरले गेले, तेवढ्यात सागवानी दार बसत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी लोखंडी चौकटीला पत्र्याचं दार लागतं. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. पत्र्याला वाळवी लागत नाही आणि तो पावसात फुगत नाही. तो गंजतो, आणि तोही खालूनच: चौकटीचे पाय सिमेंटमध्ये शिरतात त्या रेषेवर. तिथे चढ ठेवून पाणी बाहेर काढलं, आणि वर्षाआड त्या चार बोटांना लाल प्रायमर लावला, तर दार पोराच्या लग्नापर्यंत जातं.

गडांची दारं मी मुद्दाम पाहत आलो आहे. बहुतेक गडांवर दरवाजाची कमान उभी असते, लाकूड नाहीसं झालेलं. पण दार कसं बसवलं होतं हे दगड सांगतात. वरच्या बाजूला खुंटी अडकवायचं भोक, खाली दगडात कोरलेली वाटी, आणि भिंतीत हाताच्या उंचीवर अडसर सरकवायची लांब खोबण. त्या दारांना बिजागरी नव्हती. दाराच्या फळीचीच वर-खाली गोल खुंटी काढलेली असे आणि ती त्या दगडी वाटीत फिरे. ही पद्धत आपल्या जुन्या वाड्यांतही होती. तिचं शहाणपण असं की दाराचा सगळा भार सरळ खाली दगडावर उतरतो. बिजागरीवर लटकलेल्या दाराचं तसं नाही. ४० किलोचं तीन फुटी दार असेल तर ते वरची बिजागरी चौकटीतून दहा-अकरा किलोच्या जोराने सतत बाहेर ओढत असतं, दिवसरात्र, दार बंद असतानाही. म्हणून तिसरी बिजागरी मधोमध लावण्यापेक्षा वरच्या बिजागरीच्या जवळ लावावी. आणि स्क्रू पिळून बसवावा. आपल्याकडे तो हातोडीने ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे पेचकसाने देतात. बाहेरून फरक कळत नाही; दोन वर्षांनी दार घासायला लागलं की कळतो. गेल्या काही वर्षांत दुर्गप्रेमी संस्थांनी लोकवर्गणीतून काही गडांना पुन्हा सागवानी दरवाजे बसवले, ढोल-ताशांत, फुलांच्या माळा घालून. त्या उत्साहाला दाद द्यावीच. पण त्या दरवाजांवर ना छप्पर, ना पडवी. त्यांच्या खालच्या कडेला दर वर्षी तेल पाजायला कोण चढणार, हे वर्गणी गोळा करतानाच ठरवायला हवं.

दार कोणत्या महिन्यात बसवावं, यावर सुतारांत दोन तट आहेत, आणि दोघांचं खरं आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. वैशाखात आणि आषाढात त्याच्यातल्या पाण्याचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांनी सहज बदलतं. सागासारखं शांत लाकूडही त्यामुळे आडव्या दिशेने एक टक्क्याच्या आसपास फुगतं. सलग फळ्या चिकटवून केलेलं तीन फुटी दार म्हणजे नऊ-दहा मिलिमीटर वाढलं. पॅनेलच्या दारात मात्र उभ्या पट्ट्या काय त्या रुंदीला भर घालतात, मधली पॅनेलं खाचेत मोकळी हलतात. अट एकच, ती खाचेत फेव्हिकॉलने चिकटवलेली नसावीत. असं दार दोनेक मिलिमीटर वाढून थांबतं. पॅनेलच्या दाराची रचना शोभेसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, ती मुळात या फुगण्यावरची तोड आहे. तेव्हा उन्हाळ्यात दार बसवलंत तर कडेने फट जरा सढळ ठेवा, श्रावणात बसवलंत तर हात आखडता घ्या. फ्लश दार घेणार असाल तर पुढच्या दाराला उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या दर्जाचंच घ्या, भारतीय मानक २२०२चा शिक्का पाहून. आतल्या खोलीचं स्वस्त दार पुढे लावलं की पहिल्या पावसातच त्याचा खालचा पापुद्रा सुटतो. शहापूरकडच्या एका घरात असं दार पाहिलं: वरून सनमायका जसाच्या तसा, आणि खाली टाचेच्या उंचीवर लाकडाचा चिवडा.

आता उंबरठ्याच्या उंचीचा वाद. घरात सासू-सासरे सत्तरीपुढचे असतील, कुणी काठी किंवा चाकाची खुर्ची वापरत असेल, तर चार इंचांचा उंबरठा म्हणजे रोजचा धोका. सुगम्य इमारतींचे निकष अर्ध्या इंचापर्यंतचाच उंबरठा चालवून घेतात, आणि तोही कडा उतरत्या करून. दुसरीकडे, हा भाग सापा-विंचवांचा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, हे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणालाही विचारा. लाल विंचवाच्या दंशावरचे उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले, पण विंचू घरात शिरूच नये याची सोय आपल्या हातात आहे. माझं मत असं की उंबरठ्याची उंची हा खरा प्रश्नच नाही, खरा प्रश्न दाराखालच्या फटीचा. उंबरठा अर्ध्या इंचाचा ठेवा, त्याला बाहेरच्या अंगाला चांगला उतार द्या, आणि दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावा. उंबरठा चार इंचांचा असला आणि दाराखाली बोटभर फट राहिली, तर त्या उंचीचा काय उपयोग? सापाला चार इंच म्हणजे काहीच नाही.

मराठी माणसाच्या मनात मात्र उंबरठा इंचांत मोजला जात नाही. नवी सून माप ओलांडते ते इथे, रोज सकाळी हळदीकुंकवाची बोटं उमटतात ती इथे, दसऱ्याचं तोरण याच चौकटीला. आणि पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना पाणी वाढलं गेलं ते याच्या बाहेर, वरून ओतून, हेही सांगायला हवं. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, बाहेर, चोखोबांची समाधी. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार सर्वांना उघडलं, ते १९४७च्या मे महिन्यात. चौकट बसवताना पूजा करतात, उंबरठ्याखाली सुपारी, हळकुंड, एखादं नाणं ठेवतात. करावी. माझी तक्रार फक्त मुहूर्ताबद्दल. गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेला ठरला म्हणून चार महिनेही न वाळलेलं लाकूड चौकटीला लावायचं, आणि ताज्या काँक्रीटवर दुसऱ्या दिवशी दार लटकवायचं, असं करू नका. पूजा उंबरठ्याची करून ठेवा, दार मागाहून येऊ द्या. असं करायला भटजींचीही हरकत असल्याचं मला कधी दिसलं नाही.

पुढची प्रकरणं कामाच्या क्रमाने लावली आहेत, म्हणून सुरुवात तोडकामापासून आहे. जुन्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत चौकट आधी उभी करून मग भिंत रचलेली असे, त्यामुळे चौकटीची वरची आणि खालची टोकं भिंतीत वीतभर शिरलेली असतात आणि कधीकधी वरचा भारही चौकटीवरच असतो. टेकू दिल्याशिवाय करवत लावू नये. त्यानंतर उंबरठा. दगडाचा असेल तर कडप्पा किंवा बेसाल्ट चालेल. गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट पावसात पाय घसरवतो, तो टाळावा. लाकडाचाच हवा असेल तर तो मातीला टेकता कामा नये, खाली दगडी पट्टी हवीच, कारण वाळवी जमिनीतून येते आणि तिला मातीपासून लाकडापर्यंत सलग वाट लागते. उंबरठा पाणसळीत बसला की मगच चौकट उभी करायची. भिंतीकडच्या बाजूला आधी डांबर, दोन्ही बाहूंना तीन-तीन होल्डफास्ट, आणि ओळंबा दोन दिशांनी: एकदा दर्शनी बाजूने, एकदा जाडीच्या बाजूने. दुसरा ओळंबा लोक विसरतात आणि मग दार आपोआप उघडतं किंवा मिटतं. नंतर कर्ण मोजायचे. आतली जागा ९०० बाय २१०० मिलिमीटर असेल तर दोन्ही कर्ण २२८५च्या आसपास भरायला हवेत. त्यांच्यात तीन मिलिमीटरहून जास्त फरक आला तर सिमेंट ओतण्याआधी चौकट पुन्हा ठोकून सरळ करा. आजकालच्या तीन बाजूंच्या चौकटीला खालून काहीच बांधून ठेवत नाही. तिच्या पायांत तात्पुरती आडवी पट्टी ठोकायची आणि काँक्रीटला सात दिवस पाणी मारून होईपर्यंत ती काढायची नाही. पट्टीला अडखळून घरातलं पोर रोज एकदा तरी पडेल आणि कुणीतरी ती काढायला सांगेल. काढू नका.

नक्षी, कुलपं आणि पॉलिश यांना शेवटची थोडीच पानं दिली आहेत, कारण त्यांची माहिती दुकानात फुकट मिळते. लाकूड ओळखण्याचं प्रकरण बरंच लांबलं आहे, ज्याला घाई असेल त्याने ते गाळून पुढे जावं. मापांचं पान मात्र गाळू नये. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंची दोन्ही बाजूंना, आणि त्यांतलं सर्वांत लहान माप सुताराला द्या. आणि ही मापं घ्यायची ती फरशीचं काम पुरं झाल्यावर. घरात पुढच्या दोन वर्षांत टाइल बसवायचा विचार असेल, तर दार बदलणं तोवर लांबवा.